सिल्वासा आणि लिस्बन : पडद्यावरचा एक वर्ग

परदेशी विद्यार्थ्यांबरोबर शिकावयाचे म्हणजे पासपोर्ट, विमानाचे तिकीट आणि वडिलांची शिल्लक, ही समजूत आता बाजूला ठेवावयास हरकत नाही. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ साली यासाठी एक केंद्रच उघडले. त्या पद्धतीस 'कॉइल' म्हणतात. दोन देशांतील दोन प्राध्यापक आपापल्या अभ्यासक्रमातील काही आठवड्यांचा भाग मिळून आखतात, विद्यार्थी मिश्र गट करून इंटरनेटवरून एकच काम पुरे करतात, आणि गुण ज्याचे त्याला आपल्याच कॉलेजात मिळतात.

असे काम कसे चालावे? समजा, सिल्वासाचे चार विद्यार्थी व लिस्बनचे चार, असा एक गट आहे. विषय शोधावयास लांब जावयास नको. दादरा व नगर हवेली अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीजांकडे होती. १९५४ साली ती मुक्त झाली, सिल्वासा २ ऑगस्टला. त्या लढ्यात सुधीर फडके होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट मात्र फारशी सांगत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या प्रदेशात जाण्यासाठी भारताच्या भूमीतून वाट मिळणे हा आपला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता तो हक्क १९५४ मध्ये होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी नव्हता, आणि हे ठरले ८ विरुद्ध ७ मतांनी! भारताने मात्र हक्कभंग केलेला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

हे निकालपत्र इंग्रजी व फ्रेंच भाषांत आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना परकेच. तरीही ज्याचे इंग्रजी सफाईदार तो बोलत राहतो आणि उरलेले मान डोलावतात. यावर उपाय साधा आहे : बैठकीपूर्वी प्रत्येकाने आपले म्हणणे लिहून पाठवावे. खानवेलकडच्या पाड्यावरून मोबाइलवर सामील होणाऱ्याचा आवाज ऐन वेळी तुटला, तरी त्याचा मुद्दा मागे राहत नाही.

घड्याळाचेही पाहावे लागते. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा लिस्बनला सकाळचे साडेदहा. (न्यूयॉर्कला पहाटेचे साडेपाच, तिथल्या मित्रांची दयाच यावी.) मार्चच्या शेवटच्या रविवारी लिस्बनकर घड्याळ तासभर पुढे करतात. मग त्यांच्या साडेदहाला आपले तीनच वाजलेले असतात आणि आपली मुले चार वाजता हजर होऊन रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतात. त्याहून मोठी अडचण गुणांची. एका वर्गाला या कामाचे गुण आहेत व दुसऱ्याला ते केवळ हौशीचे आहे, असे झाले की परीक्षा जवळ येताच दुसरा वर्ग विरळ होतो. हे दोन्ही प्राध्यापकांनी आधीच ठरवावयास हवे.

एवढे जमले तरी खरा पेच पुढेच आहे. घटनांचा तक्ता करावयास बसल्यावर २ ऑगस्ट १९५४ पुढे कोणता शब्द लिहावयाचा? आपला शब्द 'मुक्ती'. तो लिस्बनच्या मुलांनी विनातक्रार मान्य केला, तर त्यांनी निकालपत्र वाचलेलेच नाही, असे मला वाटेल. वाद व्हावा, चांगला दोन बैठका व्हावा. अखेर त्या तारखेपुढे दोन रकाने पडले तरी चालतील; मात्र दोन्ही रकान्यांखाली आठही जणांच्या सह्या हव्यात.