सहा मिनिटांचा हिशेब

आमच्या घराच्या वाटणीचा दावा नागपूरच्या कोर्टात बरीच वर्षे चालला. अब्बा दर तारखेला ‘खर्चाचे’ पैसे देऊन येत. कशाचा खर्च, हे विचारायची त्यांची हिंमत होत नसे. म्हणून एका वकील मित्राने ऑफिसच्या संगणकावर बिलाचे सॉफ्टवेअर घेतले, तेव्हा मी मुद्दाम शेजारी जाऊन बसलो.

आपल्याकडे बरेच वकील कामाची ठरावीक फी घेतात. तासावर फी असेल, तर वेळ बहुधा सहा-सहा मिनिटांनी मोजतात. समजा, तासाचे २००० रुपये. म्हणजे सहा मिनिटांचे २००. एका दिवसात दोन-दोन मिनिटांचे तीन फोन झाले आणि प्रत्येक वेगळा धरला, तर ६०० रुपये होतात. एकत्र धरले, तर २००! फरक फक्त सुरुवातीला केलेल्या एका निवडीचा.

खर्चाचे रकाने वेगळे : कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, प्रवास. प्रत्येकापुढे तारीख आणि पावती. तो आहे तेवढाच लावायचा की वर काही चढवायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

अशिलाचा पैसा, खर्च आणि फी यांचा तारीखवार हिशेब वकिलाने ठेवावा, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. अशिलाने मागितल्यास, नकलेचा खर्च घेऊन, त्याची प्रत द्यावी लागते.

मित्राने फोन एकत्र मोजायचे ठरवले. मी म्हटले, ‘हे अशिलाला पहिल्याच दिवशी लिहून दे.’ अब्बांना तेवढा एक कागद हवा होता.