मोर्सची लिपि आणि शांततेचा अर्थ

तारायंत्राचा कडकट्ट आवाज आतां पोस्टांत ऐकूं येत नाहीं. आपल्या देशांतील सरकारी तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली. तथापि सॅम्युएल मोर्स यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली टिंबांची व रेघांची लिपि हौशी रेडिओवाले आजहि वापरतात. तिच्यांतील संदेश साध्या अक्षरांत उतरवून देणारी आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, लिहिणें हा विद्यार्थ्यांस उत्तम अभ्यास आहे. हें काम दिसतें तितकें सोपें कां नाहीं, तें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

१८४४ सालीं २४ मे रोजीं मोर्स यांनीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनें संदेश पाठविला. आज जगभर चालणारी लिपि त्यांच्या मूळ लिपींत फेरफार होऊन बनली आहे. तींत इंग्रजींत सर्वांत अधिक येणारें ‘ई’ हें अक्षर एका टिंबानें, ‘टी’ एका रेघेनें, आणि ‘ए’ एक टिंब व एक रेघ यांनीं दर्शवितात. २६ अक्षरें व १० अंक यांचा असा तक्ता संगणकास दिला, कीं काम संपलें असें पुष्कळांस वाटतें.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. समजा, टिंब, रेघ, टिंब अशा तीन खुणा आल्या. त्या एका दमांत वाचल्या तर ‘आर’ होतो. पहिल्या टिंबानंतर थांबलें तर ‘ई’ व ‘एन’. रेघेनंतर थांबलें तर ‘ए’ व ‘ई’. प्रत्येक खुणेनंतर थांबलें तर ‘ई’, ‘टी’, ‘ई’. खुणा त्याच, वाचनें मात्र चार! म्हणून दोन आवाजांमधील शांतता हीहि एक खूणच होय. तिचा नियम असा: टिंबाचा काळ एक मात्रा धरल्यास रेघ तीन मात्रांची, एकाच अक्षराच्या खुणांमध्यें एक मात्रा, दोन अक्षरांमध्यें तीन मात्रा व दोन शब्दांमध्यें सात मात्रा शांतता.

मनुष्याचा हात कांहीं घड्याळासारखा चालत नाहीं. म्हणून आज्ञावलीनें प्रत्येक आवाजाचा व शांततेचा काळ मोजावा, आखूड आवाजांवरून मात्रा ठरवावी, आणि दोन मात्रांहून आखूड तें टिंब, लांब ती रेघ असें मानावें. शांतता दोन मात्रांहून कमी असल्यास अक्षर अद्याप चालू आहे. पांचांहून अधिक असल्यास शब्द संपला. मधली असल्यास केवळ अक्षर संपलें. पाठविणाराचा वेग बदलेल तशी मात्राहि पुन्हां ठरवावी लागते.

इतकें करूनहि एक धोका राहतो. संकटांतील जहाजांसाठीं १९०६ सालीं बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें तीन टिंबें, तीन रेघा, तीन टिंबें ही खूण ठरविली. तिला ‘एस् ओ एस्’ म्हणतात. परंतु ती मध्यें न थांबतां एकच अखंड खूण म्हणून पाठवावयाची असते. केवळ अक्षरें व अंक शिकविलेल्या संगणकास ती तक्त्यांत सांपडत नाहीं. आणि अनोळखी खूण गाळून टाकण्याची आज्ञा असेल, तर बुडणाऱ्यांची हांकच तेवढी गाळली जाईल! म्हणून ती खूण तक्त्यांत स्वतंत्र घालावी, आणि जी खूण ओळखतां येणार नाहीं तिच्या जागीं प्रश्नचिन्ह छापावें.

विद्यार्थ्यांनीं प्रथम हा तक्ता कागदावर उतरून घ्यावा, आणि घरच्या मंडळींबरोबर शिट्टीच्या आखूड-लांब आवाजांनीं सराव करावा. जें आपल्या कानास उमगलें नाहीं, तें संगणकास नीट सांगतां येत नाहीं. आणि जें कळलें नाहीं तें कळलें असें दाखवूं नये, हा नियम यंत्रास जसा लागू आहे तसा आपणांसहि आहे.