चित्रकथेतला उजेड

श्रोतेहो, रंगांविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे शब्द मी द्यायचे आणि चित्र तुम्ही आपल्या डोळ्यांपुढे आणायचे, असा हा निम्म्या वाट्याचा व्यवहार आहे. पण विषय तुमच्या ओळखीचा आहे. मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तकाच्या आड जी चित्रकथा सापडते, जिला मुले कॉमिक म्हणतात, तिच्यातील रंग आणि उजेड काय काम करतात, ते आज पाहू. शिक्षकांची नेहमीची तक्रार असते की, पोरे मजकूर वाचतच नाहीत, नुसती चित्रे पाहतात. तक्रार खरी आहे. मात्र ते ‘नुसते’ पाहणे आपण समजतो तितके साधे नव्हे.

प्रथम उजेडाचे पाहू. सूर्य वर असतो, दिवाही आपण बहुधा उंचावर टांगतो. त्यामुळे भुवईची सावली डोळ्यांवर आणि नाकाची सावली ओठांवर पडलेली पाहण्याची आपल्याला जन्मापासून सवय असते. आता एखाद्या पोराने अंधारात हनुवटीखाली कंदील धरला, तर काय होते? सावल्या उलट्या, वर चढतात. चेहरा तोच, पण धाकटी भावंडे किंचाळून पळतात. चित्रकथेतला चित्रकार हीच युक्ती काळ्या शाईने करतो. दुष्ट माणसाला तो खालून उजेड देतो. ज्याच्या मनाचा अजून निश्चय झालेला नाही, त्याचा अर्धा चेहरा काळोखात ठेवतो. दाराबाहेरच्या उजेडापुढे एक माणूस उभा केला की तो नुसता काळा आकार होतो; कोण आला हे कळेना, म्हणून वाचक घाईने पुढचे चौकट पाहतो. शब्द एकही खर्ची पडलेला नसतो.

रंगाचे काम याहून मोकळे आहे. माणूस संतापला की त्याच्यामागची भिंत चित्रात एकदम लाल होते. घराची भिंत काही खरोखर रंग बदलत नाही. पण आठ वर्षांचे मूलही ‘ही लाल का?’ म्हणून विचारत नाही. कीर्तनात बुवांच्या मागे पेटीचा सूर जे करतो, किंवा आपल्या श्रुतिकेत पार्श्वसंगीत जे करते, ते इथे रंग करतो. तो आधी येतो आणि मग शब्द येतात.

आणि हे सारे किती थोड्या सामग्रीत चालत असे! अमेरिकेत जुनी कॉमिके वर्तमानपत्राच्या हलक्या कागदावर, चार शायांत छापली जात: पिवळी, किरमिजी, निळी आणि काळी. पहिल्या तिन्ही शाया पूर्ण, निम्म्या किंवा पाव जोराने वापरता येत. निम्मे-पाव म्हणजे बारीक टिपके. असे चार प्रकार प्रत्येकीचे (न वापरणे हाही एक धरा), म्हणजे जमेला 64 छटा. रंग नेमणारा कलावंत एका प्रतीवर पातळ रंग देई, शेजारी खुणेचे आकडे लिही, आणि त्यावरून छपाईचे पत्रे दुसरेच कारागीर तयार करीत. त्यांत स्त्रिया पुष्कळ असत. पुस्तकावर त्यांची नावे कोठेही नसत.

या साधनांतही करड्या रंगाची मोठी अडचण होती. 1962 साली ‘हल्क’ हा राक्षसी बळाचा नायक पहिल्या अंकात करडा होता. पण छापताना तो एका चित्रात फिकट, दुसऱ्यात गडद असा येऊ लागला. म्हणून दुसऱ्या अंकात त्याला हिरवा केला. आज तो हिरवा रंग म्हणजेच त्याचा राग असे जगभरची मुले समजतात! त्याआधी, 1950 नंतरच्या काही वर्षांत, ईसी नावाच्या कंपनीच्या भयकथांना मेरी सेव्हरिन नावाची चित्रकर्ती रंग देत असे. एखादे चित्र फारच किळसवाणे असले, तर ती ते सबंध एकाच गडद रंगाखाली झाकून टाकी. रंगाने भय वाढवता येते, तसे आवरताही येते.

पण रंग बदलला की गोष्ट कितपत बदलते? याचा चांगला दाखला ‘द किलिंग जोक’ या पुस्तकात मिळतो. 1988 साली ॲलन मूरच्या कथेवर ब्रायन बोलंडने बॅटमन आणि जोकर यांची ही चित्रे काढली. रंग जॉन हिगिन्सचे होते: झगझगीत पिवळा, नारिंगी, जांभळा, जत्रेतले विजेचे दिवे डोळ्यांत घुसावेत तसे. बोलंडला ते मनासारखे वाटले नाहीत. 2008 साली त्याने सबंध पुस्तक स्वतः पुन्हा रंगवले. रेघा बहुतेक त्याच. पण आता सारे थंड, पावसाळी. जोकरच्या पूर्वायुष्याची चित्रे जवळजवळ रंगहीन, आणि त्यांत एखादीच वस्तू तांबडी, की नजर तिथेच जावी. पहिल्या पुस्तकात वेड अंगावर येते, दुसऱ्यात दुःख उरते. मला स्वतःला पहिले थोडे अधिक भावते, ते भडक आहे हे मान्य करूनही. जत्रेतले वेड उदास रंगांत मला पटत नाही. चोखंदळ वाचकांत यावर अजून दोन तट आहेत.

आता थोडे अप्रिय बोलतो. त्याच 64 छटांच्या छपाईत चिनी माणूस हळदीसारखा पिवळाधमक रंगवण्याची वाईट चाल अमेरिकेत बराच काळ होती. आणि आपल्याकडे? 1967 साली अनंत पै यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने मुलांना पुराण-इतिहासाची गोडी लावली, हे तिचे ऋण आहेच. पण तिच्या अनेक अंकांत राजा-नायक गोरे आणि असुर काळे-तपकिरी दिसतात. अभ्यासकांनी यावर लिहिलेही आहे. इथे एक भेद ध्यानात घ्यावा. दुष्टाच्या तोंडावरची सावली दिवा हलवला की हलते. ती त्या क्षणाविषयी बोलते. अंगाचा रंग मात्र हलत नाही. ज्या पंढरीच्या विठोबाला आपण प्रेमाने सावळा म्हणतो, त्याच्याच वर्णाचे मूल तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेले असते, आणि तेही ही चित्रे शब्दांच्या आधी वाचते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक करून पाहावे, खर्च फारसा नाही. गावाकडच्या विहिरीचे, शेजारी उभ्या माणसाचे एक साधे रेखाचित्र काढून त्याच्या तीन प्रती कराव्यात. एकीचे आकाश पिवळे, दुसरीचे गडद निळे, तिसरीचे तांबडे रंगवावे. माणसाला हात लावू नये. मग तीन गटांना एकेक प्रत देऊन, दुसऱ्याची न दाखवता, ‘हा माणूस इथे का आला आहे?’ एवढेच विचारावे. उत्तरे फळ्यावर लिहून झाल्यावरच तिन्ही चित्रे शेजारी लावावीत. रंग खडूचे असले तरी चालतील, फक्त काळ्या रेघा बुजणार नाहीत इतक्या हलक्या हाताने भरावेत.