मादीचा कौल

फिनलंडच्या उत्तर टोकाकडे, इनारी गावाच्याही पुढे, कामानेनजवळ कुतुहार्यू येथे रेनडिअरपालकांच्या संघाचे संशोधन केंद्र आहे. भूर्ज आणि पाइन यांचे विरळ अरण्य, दलदल आणि खडकाळ टेकड्या यांना विस्तीर्ण कुंपण घालून तेथे जो कळप राखला जातो, त्यातील जनावरांचे वय, वजन आणि वंश दप्तरी दाखल असल्यामुळे, एरवी केवळ तर्काने जाणावे लागते ते येथे नोंदवहीशी ताडून पाहता येते. सप्टेंबर सरताना माजाचा हंगाम सुरू होतो आणि ऑक्टोबरात त्याचा भर ओसरतो. नॉर्वेचे ओयस्टीन होलान्ड, मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाचे रॉबर्ट वेलाड्जी आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे याच हंगामात येथे निरीक्षणे केली. त्यांच्याच रीतीने, म्हणजे दुर्बीण, वही आणि घड्याळ घेऊन व एका वेळी एकाच जनावरावर नजर ठेवून, मीही तो कळप पाहिला.

नव्याने पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम नरावर खिळते, आणि ते स्वाभाविकही आहे. मान फुगलेली, गळ्याखाली पांढऱ्या केसांची झालर लोंबणारी, शिंगांवरचे मखमली कातडे गळून हाड उघडे पडलेले, असा तो प्रौढ नर घशातील हवेच्या पिशवीतून खर्जातले हुंकार काढीत माद्यांभोवती घिरट्या घालतो. मधूनच मागचे पाय जवळ घेऊन त्यांवर मूत्र सोडतो आणि जागच्या जागी खूर आपटतो, तेव्हा तो उग्र दर्प वाऱ्यावर दूरवर पोचतो. या दिवसांत त्याचे चरणे जवळजवळ बंद होते आणि हंगाम संपेपर्यंत वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, खर्ची पडतो. दोन तुल्यबळ नरांची शिंगे भिडली की वाटते, सारा निकाल आता येथेच लागणार. माद्यांवर नजर ठेवू लागल्यापासून माझे मत मात्र असे बनले आहे की, या निकालाचा मोठा भाग मादी आपल्या चालण्यातून देते.

गळ्यात पट्टा असलेल्या एका मादीला मी सकाळपासून दृष्टीआड होऊ दिले नव्हते. ती ज्या लहान गटात होती त्याचा कबजा एका तरुण नराकडे होता, आणि त्याला क्षणाची उसंत नव्हती. मान लांबवून, नाक जमिनीलगत धरून तो तिच्यामागे धावे. तिने मूत्र सोडले की ते हुंगून वरचा ओठ वळवी. जमिनीवरच्या पांढुरक्या दगडफुलाचा एक घास ती घेते न घेते तोच तिला पुन्हा पळवी. ती वळसा घेई, दुसऱ्या मादीच्या आड जाई, कधी सरळ खाली बसे. अखेर तो एका आगंतुक नराला हाकलायला गेला, तेवढ्या अवधीत ती भूर्जांमधून चालती झाली. धावत नव्हे, तर चरत असल्यासारखी, पण दिशा न बदलता. टेकडीपलीकडे एका थोराड नराचा मोठा गट होता. त्याच्या कडेला ती उभी राहिली, तो नर जवळ आला, त्याने तिला हुंगले, आणि ती बाजूला सरताच तोही माघारी वळला. मग तिने जी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच नराने तिच्या पाठीवर हनुवटी टेकली तेव्हा ती जागची हलली नाही. मीलन काही क्षणांत आटोपले.

माजाची मुदत जेमतेम एक-दोन दिवसांची असते. ती हुकली तर पुढचा माज सुमारे तीन आठवड्यांनी, आणि तितक्या उशिरा जन्मलेल्या पाडसाला वाढीसाठी उन्हाळा अपुरा पडतो. शिवाय मादीला याच दिवसांत हिवाळ्याची पुंजी अंगावर साठवायची असते. प्रौढ नर आगंतुकांचा बंदोबस्त करतो आणि माजावर नसलेल्या मादीला फारसे छेडत नाही. म्हणून त्याच्या भारदस्त देहाइतकीच, किंबहुना अधिक, त्याच्या सान्निध्यात मिळणारी चरण्याची मुभा तिला मोलाची वाटत असावी, असे मला वाटते. पाडसांच्या जनुकीय तपासणीतून पितृत्वाचा जो दाखला मिळतो त्यातही वजनदार नरांचाच वाटा मोठा निघतो.

डार्विनने १८७१ साली मादीच्या निवडीला उत्क्रांतीच्या कारणांत मानाचे स्थान दिले, पण वॉलेससारख्या समानधर्म्यालाही ते मान्य झाले नाही. अर्थात ही निवड सर्वस्वी मुक्त आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. बलिष्ठ नर निघून जाऊ पाहणाऱ्या मादीला आडवा जाऊन पुन्हा गटात वळवतो. आणि पाळीव कळपात तर तिच्यापुढे पर्याय किती राहावेत हेही माणूसच ठरवतो, कारण कोणते नर राखायचे, कोणते खच्ची करायचे आणि कोणते कत्तलीला काढायचे हा अंमल मालकाचा. थोडे तरुण नर ठेवून कारभार भागवणे हिशेबाला सोयीचे दिसते. पण त्या मादीची सकाळ पाहिल्यानंतर, त्या सोयीची किंमत माद्यांना घासाघासाने मोजावी लागते हे मला दृष्टीआड करता येत नाही.

हंगाम सरल्यावर मोठ्या नरांची शिंगे गळून पडतात. हरणांच्या कुळात रेनडिअरच्याच माद्यांना शिंगे असतात, आणि गाभण मादीची शिंगे वसंतात पाडस होईपर्यंत टिकतात. नराने बर्फ उकरून दगडफुलापर्यंत खड्डा केला की ती शिंगे रोखून त्याला तेथून बेदखल करते, आणि वजनाने तिच्याहून कितीतरी भारी असलेला तो नर दुसरीकडे उकरू लागतो. अशा मिळवलेल्या चाऱ्याच्या आधाराने तिचे साडेसात महिन्यांचे गाभणपण मे-जूनपर्यंत निभावते.