ढाक्यातला 'सल्लागार'

बांगलादेशात 7 जानेवारी 2024 ला संसदेची निवडणूक झाली. त्याआधी वर्षभर विरोधी बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीची (बीएनपी) नजर मतदारांइतकीच अमेरिकी दूतावासावरही खिळली होती. कारण उघड होतं. निवडणुका घेणारं काळजीवाहू सरकार 2011 च्या घटनादुरुस्तीनं रद्द झालं होतं. देशात दाद मागायला जागाच उरली नव्हती.

अमेरिकेनं 'रॅब' या पोलिसी दलावर डिसेंबर 2021 मध्ये निर्बंध घातले आणि मे 2023 मध्ये, निवडणुकीत खोडा घालणाऱ्यांना व्हिसा नाकारण्याचं धोरण जाहीर केलं. शिवाय बांगलादेशी तयार कपड्यांचं मोठं गिऱ्हाईकही तीच. त्यामुळे तिचा शब्द तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांना टाळता येणार नाही, असा बीएनपीचा हिशेब होता.

या आशेची पातळी कळते ती 28 ऑक्टोबर 2023 च्या प्रसंगातून. ढाक्यातल्या नया पल्टनमधल्या बीएनपीच्या सभेत हिंसाचार उसळला. त्याच संध्याकाळी पक्ष कार्यालयात एक गृहस्थ चक्क अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांचे सल्लागार म्हणून पत्रकारांसमोर बसले. ते अमेरिकी सरकारचे कोणी नाहीत, असा खुलासा दूतावासाला करावा लागला! दुसऱ्याच दिवशी पक्षाचे सरचिटणीस मिर्झा फखरुल यांना अटक झाली.

दिल्लीनं मात्र नोव्हेंबरमध्ये, निवडणूक हा बांगलादेशचा अंतर्गत प्रश्न, अशी भूमिका घेतली. हसीनांना तेवढं पुरेसं होतं. बीएनपीनं बहिष्कार टाकला, हसीनांची अवामी लीग जिंकली. निवडणूक मुक्त व न्याय्य नव्हती, असं वॉशिंग्टननं म्हटलं. पण हसीनांच्या सरकारशी व्यवहार चालूच ठेवला.