ओव्याची मात्रा

1909 साली रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम उभी राहिली. हा जंत अनवाणी तळपायातून शरीरात शिरतो, लहान आतड्याला चिकटून रक्त पितो. माणूस पांढराफटक पडतो, पोरांची वाढ खुंटते. मोहिमेचं मुख्य औषध होतं थायमॉल, आणि त्या काळी ते मुख्यतः ओव्यापासून निघे. भारतातला ओवा बोटीने जर्मनीला जाई, तिथे त्याच्या तेलातून थायमॉलचे खडे वेगळे होत. पोट दुखलं की आपण गरम पाण्याबरोबर घेतो, तोच हा ओवा.

मात्र चिमूटभर ओव्याने अंकुशकृमी पडत नाही. रुग्णाला आधी जुलाब देऊन आतडं रिकामं करत, मग ग्रॅमच्या हिशेबात थायमॉल, आणि शेवटी पुन्हा एप्सम सॉल्टचा जुलाब. त्या दिवशी तेलतूप आणि दारू सक्त मना. थायमॉल त्यांत विरघळून रक्तात उतरलं, तर जंताऐवजी माणूसच दगावायचा. किरमाणी ओवा या दुसऱ्याच वनस्पतीतल्या सँटोनिन या जंतनाशकानेही काहींना सगळं पिवळं दिसू लागे. औषध जंतापर्यंत पोचावं आणि रुग्णाच्या रक्तात उतरू नये, ही खरी कसोटी. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, असं मानणाऱ्यांनी ही पथ्यं जरूर वाचावीत.

अशा कसोटीची परंपरा आपल्याकडेही होती. 1920 च्या आसपास मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमी पाहणीत डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनी जंतनाशकांची रासायनिक घडण आणि त्यांचा प्रत्यक्ष गुण यांचा संबंध तपासला. कीर्तिकर-बसूंच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती ब्लॅटर यांच्यासह याच दोघांनी सिद्ध केली. सर्पदंशावरच्या शेकडो वनस्पती तपासून एकीचाही उपयोग दिसला नाही, हेही त्यांनी 1931 मध्ये छापलं. वनस्पतींवर प्रेम असूनही असा निकाल देणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

आज आपल्या फार्मसी महाविद्यालयांतून जंतनाशक अर्कांवर निबंधामागून निबंध निघतात. त्यांतल्या पुष्कळांत प्रयोग एकच: बशीतल्या अर्कात गांडूळ सोडायचं, ते कधी लुळं पडतं, कधी मरतं, याची वेळ टिपायची. गांडूळ ओल्या त्वचेने श्वास घेणारं, मातीतलं. आतड्यातले गोलकृमी वेगळ्याच कुळातले, चिवट आवरणाचे. बशीतला अर्क पचनातून जात नाही, यकृतातून जात नाही. पहिली चाचणी म्हणून ठीक, पण काम तिथेच थांबतं याची खंत वाटते.

पुढचं पाऊल नायजेरियात पडलं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 60 मुलं होती. निम्म्यांना मधातून सुक्या पपईबियांची पूड दिली, निम्म्यांना नुसता मध. आठवड्याने शौच तपासलं, तेव्हा पहिल्या तिसांतली 23 मुलं परजीवीमुक्त होती, दुसऱ्या तिसांतली 5. चाचणी लहानच, पण या पाच मुलांमुळेच तेवीसच्या आकड्याला वजन येतं.

जंतांवरची अल्बेंडाझोलची गोळी स्वस्त आहे, ती शाळेत मिळते, ती मुलांना द्यायलाच हवी. पण मेंढ्यांच्या जंतांनी त्याच कुळातल्या औषधांना केव्हाच दाद देणं सोडलं आहे, म्हणून नवी औषधं शोधणं निकडीचं आहे. आपल्याकडे पहिला मान वावडिंगाचा. त्यातलं एम्बेलिन रसायनशास्त्रज्ञांच्या चांगलं ओळखीचं आहे. मात्र बाजारात वावडिंग म्हणून त्याच्या भाऊबंद झाडांची फळंही सर्रास विकली जातात. तेव्हा सुरुवात झाडाची ओळख पटवण्यापासून, मग अर्कातल्या एम्बेलिनचं मोजमाप, आणि त्यानंतरच मुलांच्या शौच तपासणीसह चाचणी.