आर्थिक विचारांची वाटचाल (लेखांक ५) : व्यापारवाद आणि उदारमतवाद

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील राजे, त्यांचे मंत्री आणि बडे व्यापारी ज्या धोरणाने चालले, त्याला व्यापारवाद म्हणतात. देशाची श्रीमंती त्याच्याजवळच्या सोन्याचांदीवर मोजावी, हे त्या धोरणाचे पहिले गृहीतक. जगातील एकूण व्यापार ठरावीकच आहे, म्हणून एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, हे दुसरे. यांतून पुढचे सगळे नियम निघाले: निर्यात आयातीपेक्षा जास्त हवी, कच्चा माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, पक्का माल आत येऊ द्यायचा नाही, वसाहतींनी मायदेशाशीच व्यापार करायचा आणि माल शक्यतो आपल्याच जहाजांतून न्यायचा.

हे सारे अडाणीपणाचे होते असे मानणे चूक ठरेल. त्या काळी फौजेचा पगार रोख नाण्यांतच द्यावा लागे, आणि खजिना रिकामा झाला की युद्ध हातचे जाई. व्यापार हे राज्याच्या बळाचे साधन होते. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोलबेर याने कापडाची लांबी-रुंदीसुद्धा सरकारी हुकमाने ठरवून दिली आणि १६६४ व १६६७ मध्ये जकाती वाढवल्या. दुसऱ्या वाढीचा मोठा फटका डच मालाला बसला. १६७२ मध्ये फ्रान्स आणि हॉलंड यांच्यात युद्ध पेटले, त्यामागच्या कारणांत ही जकातही होती.

इंग्लंडमध्ये वाद पेटला तो ईस्ट इंडिया कंपनीवरून. कंपनी दरवर्षी चांदी भरून जहाजे पूर्वेकडे पाठवत असे, आणि व्यापारवादाच्या हिशेबाने हे देशाचे सरळ नुकसान होते. कंपनीचा संचालक टॉमस मन याने यावर तोड काढली. एकेका देशाशी होणारा व्यापार सुटा पाहू नये, एकूण व्यापारशेष पाहावा. पूर्वेचा माल युरोपात पुन्हा विकला की गेलेल्या चांदीपेक्षा जास्त चांदी परत येते, असे त्याचे म्हणणे. त्याचा मुख्य ग्रंथ मृत्यूनंतर, १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला.

चांदीचा प्रश्न असा सुटला, पण कापडाचा सुटला नाही. सुरत, कोरोमंडल किनारा आणि बंगाल येथून येणारी छिटे व सुती कापडे स्वस्त, धुण्याजोगी आणि पक्क्या रंगाची होती. इंग्लंडमधील लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचा धंदा त्यामुळे धोक्यात आला. १७०० मध्ये पार्लमेंटने भारत, इराण व चीन येथील छापील, रंगीत कापड इंग्लंडात वापरण्यावर बंदी घातली. परदेशी विकण्यासाठी ते आणायला मात्र मोकळीक ठेवली. मग कोरे कापड आणून ते इंग्लंडातच छापण्याचा धंदा वाढला. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकर रस्त्यावर उतरले. छिटाचे कपडे घातलेल्या बायकांना गाठून ते कपडे फाडत, त्यांवर तेजाब फेकत. १७२१ च्या कायद्याने तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड अंगावर घालणेच गुन्हा ठरवले आणि घालणाऱ्याला ५ पौंड दंड लावला. मलमलीसारखे थोडे अपवाद तेवढे ठेवले. या बंदीच्या आडोशाने लँकेशायरमध्ये लिननचा ताणा आणि सुताचा बाणा असे, म्हणजे जवसाचा धागा व कापूस मिसळून कापड विणले जाऊ लागले. इंग्लंडमधील निव्वळ सुती छापील कापडावरची बंदी १७७४ मध्ये उठली, तेव्हा स्पर्धेला तोंड देऊ शकणारा उद्योग तेथे उभा राहिलेला होता.

व्यापारवादाच्या मुळावर घाव घातला तो स्कॉटलंडमधील दोघा विचारवंतांनी. डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये दाखवले की सोने कायमचे साठवून ठेवता येतच नाही. देशात नाणे वाढले की भाव चढतात, माल महागतो, निर्यात घटते आणि सोने पुन्हा बाहेर जाते. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने श्रीमंतीची व्याख्याच बदलली. देशाची संपत्ती म्हणजे तेथील श्रमातून निर्माण होणारा माल. आणि उत्पादन करायचे ते उपभोगासाठी, म्हणून ग्राहकाचे हित आधी. जकाती आणि मक्तेदाऱ्यांनी हे हित मूठभर उत्पादकांच्या पायी बळी दिले जाते, असा त्याचा आरोप होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीवर त्याने कठोर टीका केली. या विचारालाच आर्थिक उदारमतवाद म्हणतात, आणि त्याचे राजकीय अंगही येथेच दिसते: व्यक्तीचे स्वातंत्र्य, तिच्या मालमत्तेची सुरक्षा, आणि मर्जीतल्यांना सवलती वाटण्यापासून रोखलेले सरकार. तरीही माल आपल्याच जहाजांतून नेण्याची सक्ती करणाऱ्या नौकानयन कायद्यांना स्मिथने पाठिंबा दिला, कारण देशाचे संरक्षण त्याला संपन्नतेहून मोठे वाटत होते.

१८१७ मध्ये इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो याने आणखी एक पायरी गाठली. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला दारू आणि कापड दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात जमते. तरी पोर्तुगालने दारू आणि इंग्लंडने कापड बनवून देवाणघेवाण केली, तर दोघांचाही फायदा होतो. व्यापारात एकाने हरावेच लागते, हा जुना समज यापुढे टिकत नाही.

विचार पटणे वेगळे आणि कायदा बदलणे वेगळे. १८१५ च्या धान्य कायद्याने देशातील गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचे इंग्रजी माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गव्हाला बंदी घातली होती. पार्लमेंटमध्ये जमीनदारांचे वर्चस्व होते आणि महाग गहू त्यांच्या खंडाला पोषक होता. कॉब्डेन आणि ब्राइट या खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्यांनी मँचेस्टरमधून स्वस्त पावाची चळवळ उभारली. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाल्यावर, १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांनी स्वतःचा पक्ष फुटण्याची किंमत देऊन धान्य कायदे रद्द केले.

भारताला या खुल्या व्यापाराची दुसरी बाजू पाहावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडच्या बंदरांत भारतीय कापडावर भारी जकात होती, तर भारताच्या बंदरांत इंग्रजी कापडावर नाममात्र. पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा लँकेशायरच्या दबावाखाली १८८२ मध्ये सुती मालावरची आयात जकात काढली गेली. महसुलाची ओढाताण झाल्याने १८९४ मध्ये ती परत आली. पण १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला. खुल्या व्यापाराचे नाव घेऊन एका देशाच्या गिरण्यांसाठी दुसऱ्या देशाच्या गिरण्यांवर कर लादणे हा उघड अन्याय होता.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात अशा खुल्या व्यापाराविरुद्धची तात्त्विक बाजू आधीच मांडली होती. अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडत नाहीत. मागासलेल्या देशात उद्योग उभे करण्यासाठी सरकारने हात दिला पाहिजे, असे ते म्हणत. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट यांच्या विचारांचा त्यांनी आधार घेतला. सोन्याचे साठे करावेत किंवा मक्तेदाऱ्या वाटाव्यात असे त्यांचे म्हणणे नव्हते. उदारमतवादी राजकारणावरचा त्यांचा विश्वासही ढळला नव्हता.

उत्पादन कर मात्र तीन दशके राहिला. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि कामगारांनी संप पुकारला. त्या डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि गिरण्या पुन्हा सुरू झाल्या.